दत्ताचं पारडं

आमच्या कॉलेजची बास्केटबॉलची टीम कागदोपत्री कॉलेजची असली तरी तिला जेवू घालायचा तो गाव. शोभेसाठी असं म्हणत नाही, खरोखरच जेवू घालायचा. तालुक्याच्या त्या लहानशा गावात पूर्वी तालीम होती. ती बंद पडली, पण तालमीच्या नादाची माणसं शिल्लक राहिली आणि संध्याकाळी काय करावं हे त्यांना सुचेना. त्याच सुमारास कॉलेजात खेळाचे नवे सर आले. त्यांनी मागच्या मुरमाड मैदानावर दोन खांब रोवून वर कड्या बसवल्या, आणि दुसऱ्याच वर्षी आमच्या पोरांनी एका मोठ्या शहरातल्या कॉलेजला हरवलं. झालं. कुस्तीचा सगळा गोतावळा उठून मैदानाच्या भिंतीवर येऊन बसला. खेळाचे नियम त्यांना शेवटपर्यंत नीट कळले नाहीत. चेंडू हातात धरून चार पावलं टाकली की शिट्टी का वाजते, यावरून भुजंगअण्णांनी सरांशी कायमचं भांडण मांडलं होतं. पण अंग त्यांना कळायचं. पोटऱ्या, मांड्या, छातीचा भाता, श्वास घेताना खांदे वर जातात की पोट फुगतं, हे सगळं ते मैदानाच्या पलीकडून सांगायचे.

म्हणून दरवर्षी सामने सुरू व्हायच्या महिनाभर आधी पारख व्हायची. ती मैदानावर होत नसे, भुजंगअण्णांच्या धान्याच्या अडतीवर होई. अण्णा स्वतः जुने पैलवान, मिशा पांढऱ्या झाल्या तरी मान बैलासारखी. अडतीच्या आढ्याला मोठा तराजू टांगलेला असे, साखळ्यांना दोन लाकडी पारडी. एका पारड्यात पोरगं उकिडवं बसायचं, दुसऱ्यात रिकामी गोणी ठेवून तिच्यात दगड भरायचे. दोन्ही पारडी बरोबर आली की गोणीचं तोंड शिवायचं आणि कोळशानं तिच्यावर पोराचं नाव घालायचं. मग एकेक चाहता एकेक पोरगं उचलायचा. उचलायचं म्हणजे सामन्यांपर्यंत त्याचा खुराक आपल्या घरी. दूध, अंडी, मटण, भाकरी, ज्याला जे झेपेल ते. सामन्यांच्या आठवडाभर आधी दुसरी पारख. पोरगं पुन्हा पारड्यात बसणार, समोर त्याचीच गोणी. पोराचं पारडं खाली गेलं की उचलणाऱ्यानं गूळ वाटायचा. सर डोक्याला हात लावायचे. ‘‘अहो अण्णा, यांना उड्या मारायच्यात! वजन वाढवून काय करू?’’ अण्णा म्हणायचे, ‘‘सर, हवेनं उडून जाणारं पोरगं काय कामाचं? जिमिनीवर उभं तर राहिलं पायजे.’’ तरी सरांनी ही रीत मोडली नाही. त्यांचाच एक खेळाडू पूर्वी नुसत्या चहावर सरावाला येऊन चक्कर येऊन पडला होता. तेव्हापासून त्यांचा नियम होता, ज्याला गावात कुणी उचललं नाही त्याला ते टीममध्ये घेत नसत. उपाशी पोरांना पळवणार नाही, म्हणायचे.

चाहत्यांचा स्वतःचा एक नियम होता. आपलं पोरगं आपण उचलायचं नाही. ते तर घरी जेवतंच, त्यात खुराक कसला?

आज हे सगळं आमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये चालतं. पोरांचे व्हिडिओ येतात, खाली अंगठे येतात, कुणी तरी मुंबईहून लिहितो की याचा डावा हात कच्चा आहे. मीही लिहितो. लिहिताना दरवेळी बोट थबकतं, आणि ते का, हे एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे प्रकरण.

आमची बेकरी होती, अजून आहे, मीच चालवतो. तेव्हा लाकडाची भट्टी होती. घराची आणि बेकरीची भिंत एकच, आणि ती इतकी पातळ की अम्मीनं चुलीपुढं तवा ठेवल्याचा आवाज पीठ मळणाऱ्याला ऐकू यायचा. पहाटे पहिला आवाज पत्र्याच्या ट्रेचा. मग लाकडी परातीत कणीक आपटल्याचा, थप्प, थप्प, मग भट्टीचं लोखंडी दार. खारी निघाली की तुपाचा वास आमच्या अंथरुणापर्यंत यायचा. अब्बा कमी बोलत. गावात त्यांना उस्मानभाई म्हणत. कणकेवर बोट दाबून ते सांगत की ही आणखी थांबवायची, आणि मैदानाच्या भिंतीवर बसूनही त्यांचं तसंच असे. बाकीचे तासभर वाद घालत, अब्बा शेवटी एक वाक्य बोलत आणि वाद मिटे. त्यांना खोटं बोलता येत नाही असं सगळे समजायचे. मीही. घरात आम्ही दखनी बोलायचो, इथं मी ते बोलणं मराठीतच लिहितो, कारण अम्मीचे शब्द तसेच्या तसे लिहायला बसलो तर हात पुढं सरकत नाही.

त्या वर्षी सरांनी पारखीला अकरा पोरं आणली आणि जागा दहा होत्या. अकरांत मी होतो. माझा नेम चांगला होता, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, सगळे म्हणायचे. पारखीच्या दिवशी अडतीत तुरीच्या गोण्यांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. आम्ही बनियनवर उभे. अण्णांनी पहिल्या पोराच्या पाठीवर थाप मारली.

‘‘पाठ चांगलीय. पर मांडीत दम न्हाय. बापानं सायकल घिऊन दिली जनू.’’

‘‘अण्णा, ते चालत येतंय माकणीवरनं, सायकल कुठली!’’

‘‘मग बापानं बूट घिऊन दिलं असतील. दात दाखव रं.’’

‘‘दात कशाला अण्णा?’’ सर म्हणाले. ‘‘चेंडू चावायचा नाही त्याला.’’

अडत हसली, पण पोरानं दात दाखवलेच. चाँदभाई खाटिकानं ते पोरगं उचललं. म्हणाला, ‘‘मला द्या, महिन्याभरात मांडी करून दावतो.’’ अशी एकामागून एक पोरं उचलली जात होती. मी प्रत्येक वेळी मान थोडी वर करत होतो. कुणी माझ्याकडं बघून अब्बांकडं बघे आणि पुढच्याला उचले. मला वाटलं, मला चांगल्या घरासाठी ठेवतायत. शेवटी नऊ पोरं गेली. उरलो मी आणि जळकोटचा दत्ता.

दत्ता आमच्या वर्गात होता. बाप शेतकरी, गावात चांगली कोरडवाहू जमीन. तो इथं दोघा पोरांबरोबर खोली करून राहायचा, आणि जळकोटहून रोज एसटीनं त्याचा डबा यायचा. उंच, हाडकुळा, हात इतके लांब की उभा राहिला तर गुडघ्यापर्यंत येत. तो पारड्यात बसला तेव्हा मागून कुणी तरी म्हणालं, ‘‘दगड कशाला, चार विटा टाका.’’ दुसरा म्हणाला, ‘‘दोरीवर वाळत घातल्यालं धोतर हाय ते.’’ दत्ता पण हसला. तो स्वतःवर लवकर हसायचा.

उचलणारे सगळे झाले होते, फक्त अब्बा राहिले होते. मला ते उचलू शकत नव्हते. अशा वेळी अदलाबदल करायची पद्धत होती. अण्णा त्याच तयारीनं म्हणाले, ‘‘उस्मानभाई, म्या उचलल्यालं पोरगं तुमी घ्या. इलियासला म्या घेतो. भाभीच्या हातचं खाऊन माझंच पोरगं जास्त फुगंल, म्हंजी गूळ तुमच्याच घरचा.’’

सगळे हसले. मी अण्णांच्या बाजूला एक पाऊल टाकलंही होतं.

अब्बा म्हणाले, ‘‘नको, अण्णा. मी दत्ताला उचलतो.’’

‘‘आन तुमच्या पोराचं?’’

‘‘त्याला घेऊ नका.’’

अण्णांना वाटलं अब्बा संकोचतायत. ‘‘आवो, घरचंच हाय की. माझ्या तोंडाकडं बघून...’’

‘‘तोंडाकडं बघून घेऊ नका, म्हणून तर सांगतो,’’ अब्बा म्हणाले. ‘‘त्याचा नेम चांगला हाय. पर अंगावर कुणी धावून आलं की तो डोळे मिटतो. मी दोन वर्षं बघतोय. मिटलेल्या डोळ्याचं पोरगं तुम्ही टीममधी घालू नका.’’

मी डोळे मिटतो हे मला माहीत होतं. ते दुसऱ्या कुणाला माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सरांनाही ते दिसलं नव्हतं. ते माझ्याकडं असं बघत होते की जणू मी काही तरी लपवून आणलं होतं. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्या हाताचा मला अब्बांच्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला. आज मला वाटतं, अब्बा खरं बोलले आणि ते खरं बोलायचा त्यांना हक्कही होता. पण ती जागा, ती माणसं, माझ्या अंगात बनियन. मी आज त्यांच्या त्या वयापुढं गेलो आहे, तरी मला ते नीट माफ करता आलेलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही.

दोन दिवसांनी रमजान लागला. थंडीचे दिवस, रोजे लहान. पहाटे सेहरीच्या जेवणाला उठलं की भट्टीच्या उबेला जाऊन बसावंसं वाटायचं. मी अब्बांशी बोलत नव्हतो. अम्मीही त्यांना फार बोलत नव्हती. ती फक्त एकदा म्हणाली, ‘‘खरं बोलायला तुम्हाला अडतच सापडली का?’’ अब्बा मान खाली घालून खारीचे तुकडे पाडत राहिले. पण दत्ताच्या खुराकात अम्मीनं काही कमी केलं नाही. पोटात पाणी नसताना ती दुपारी त्याच्यासाठी चुलीपुढं बसायची. पायाचं सूप, अंड्याचा रस्सा, ज्वारीच्या भाकऱ्या, दुधात उकळलेल्या खारका. मीठ बरोबर पडलंय की नाही हे तिला चाखता येत नव्हतं. वाफ नाकाशी घेऊन ती अंदाज करायची. दत्ताला सांगून टाकलं होतं की आता जळकोटहून डबा मागवू नकोस. त्यानं घरी निरोप धाडला आणि डबा बंद केला.

पहिल्या दिवशी तो आमच्या घरी जेवायला बसला. अम्मी समोर पंख्यानं माश्या वारत होती. त्यानं एक घास घेतला, तो तोंडात फिरवत राहिला, आणि म्हणाला, ‘‘चाची, डबा दिला तर न्हाय का चालायचं? सरावाला उशीर होतो.’’ तेव्हापासून मी डबा पोचवायचा. ज्या पोरासाठी अब्बांनी मला सोडलं त्याचा डबा मीच न्यायचा, हे अब्बांना खटकलं नाही की त्यांनी मुद्दाम सांगितलं, मला आजही सांगता येत नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर आदल्या दिवशीचा डबा धुऊन पालथा घातलेला होता, पण दत्ताचे ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं, ‘‘जेवलास का काल?’’

‘‘जेवलो की. सगळं साफ केलं.’’

‘‘कधी?’’

तो हसला. ‘‘तुमची बांग झाल्यावर.’’

मला कळेना. तो म्हणाला, ‘‘अरं, तुमी समदे उपाशी. चाची थुंकीबी न गिळता माझ्यासाठी मटण शिजवती. आन म्या भर दुपारी वरपू व्हय? घास न्हाय उतरत रं. आमच्या आईचा उपास असला की आमी भावंडं तिच्यासमोर खात न्हाय, मग हितं कसं खाऊ?’’

‘‘अरे पण चाँदभाईनं उचललेला पोरगा दुकानात बसून निवांत खातो.’’

‘‘त्याला जमतंय. मला न्हाय जमत. तू चाचीला सांगू नको. तिला वाईट वाटंल.’’

पहाटे तो उठत नसे, म्हणजे सेहरी नाही. दिवसभर काही नाही. चारला सराव, मग खोलीवर येऊन उघड्या डब्यापुढं बसायचं आणि बांगेची वाट बघायची. आमच्या रोज्यापेक्षा त्याचा रोजा मोठा होता. मी त्याला शब्द दिला की सांगणार नाही. तो शब्द मी दत्ताच्या भिडेखातर दिला असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. त्याला सरावात धाप लागलेली मला दिसत होती आणि मला वाटत होतं, लागू दे. अब्बांची पारख चुकली हे गावाला दिसू दे. मी रोज डबा न्यायचो, रोज त्याची तब्येत विचारायचो, आणि रोज घरी येऊन अम्मीला सांगायचो की सगळा डबा संपवला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

दुसरी पारख आखरी दहा रोज्यांत आली. अडत पुन्हा भरली. गोण्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर कोळशाचं नाव. चाँदभाईचं पोरगं पारड्यात बसलं आणि पारडं असं दाणकन खाली आलं की सर म्हणाले, ‘‘याला आता मैदानावर ढकलगाडीवरून न्यावं लागेल.’’ गूळ वाटला गेला. आम्ही रोजेवाल्यांनी तो खिशात ठेवला. अण्णांचं पोरगं खाली गेलं. सगळी खाली जात होती. मग दत्ता बसला. समोर त्याची गोणी ठेवली आणि अण्णांनी साखळी सोडली.

त्याचं पारडं वर गेलं. हळू गेलं, पण थांबलं नाही. तो उकिडवा बसलेला तसाच अधांतरी लोंबकळत राहिला आणि त्याची गोणी जमिनीला टेकली.

असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. कुणाचं पोरगं वाढायचं कमी, कुणाचं जास्त. गावानं उचललेलं पोरगं घटलं, हे त्या तराजूनं पहिल्यांदाच बघितलं. अण्णांनी साखळी हलवून बघितली, काटा अडकला असेल म्हणून. पारडं डुललं आणि पुन्हा वर गेलं. दत्ता खाली बघत होता. मागून एकजण म्हणाला, ‘‘बेकरीवाल्याचं खाऊन पोरगं वाळलं की वो!’’ आणि मग आणखी एक आवाज आला. तो कुणाचा होता ते मला माहीत आहे, तो माणूस आता नाही, नाव लिहीत नाही. ‘‘रोज्यात त्यालाबी रोजा धरायला लावला काय? सवता खात न्हाईत, दुसऱ्याला काय घालतील.’’

मी अम्मीला बघत नव्हतो, ती घरी होती, तरी मला पहिल्यांदा तीच दिसली. वाफ नाकाशी घेऊन मिठाचा अंदाज करणारी. दत्ता पारड्यातूनच ओरडला, ‘‘चाची रोज डबा धाडती! म्याच खात नव्हतो! म्हंजी खात होतो, पर...’’ त्याला पुढं नीट सांगता येईना. अण्णा म्हणाले, ‘‘गप रं. घरचं झाकतोय पोरगं.’’ दत्तानं माझ्याकडं बघितलं. दोन शब्द पुरले असते. मी अब्बांकडं बघितलं. मला वाटलं ते काही तरी बोलतील, चिडतील, निदान त्या माणसाला उत्तर देतील. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘पोरगं माझ्या घरी होतं. चूक माझी.’’ एवढंच. आणि खाली बसले.

सर दत्ताला तपासत होते, डोळ्यांखालची कातडी ओढून बघत होते. त्यांच्या नियमाची त्यांनी कुणाला आठवण करून दिली नाही, पण तो सगळ्यांना माहीत होता. अण्णाच शेवटी म्हणाले, ‘‘इलियासला घ्या मग, म्या उचलतो त्याला. आता काय करता.’’ सरांनी मला विचारलं, येशील का. मी हो म्हणालो. मी हो म्हणालो तेव्हा दत्ता अजून पारड्यात होता. त्याला उतरायला कुणी हात दिला नव्हता.

इफ्तारीला दत्ता घरी आला. हातात धुतलेला डबा. दस्तरखानावर खजूर, भिजवलेले हरभरे, भजी, अम्मीनं कसंबसं मांडलेलं. अडतीवरचं बोलणं तिच्यापर्यंत आमच्या आधी पोचलं होतं. ती रडली नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं दत्ताला बसवलं आणि विचारलं, ‘‘माझं कुठं चुकलं, बेटा? मीठ जास्त व्हायचं का?’’

दत्तानं सगळं सांगितलं. फक्त मला हे माहीत होतं, एवढं त्यानं सांगितलं नाही. तो माझ्याकडं बघतही नव्हता. बांग झाली. अब्बांनी त्याच्या हातात पहिला खजूर ठेवला. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘मला माहीत होतं, अम्मी. पहिल्याच हप्त्यापासून. मी मुद्दाम सांगितलं नाही.’’

मी अब्बांच्या हाताची वाट बघत होतो. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारलं असतं तर मला चाललं असतं. त्यांनी हातातला खजूर परत ताटलीत ठेवला.

‘‘मलाही माहीत होतं,’’ ते म्हणाले.

अम्मीनं त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘‘पहिल्या जुम्म्याला मी त्याच्या खोलीवर टोस्ट द्यायला गेलो होतो,’’ अब्बा म्हणाले. ‘‘दार उघडं होतं. हा डबा उघडून समोर बसला होता आणि खिडकीतून उजेड बघत होता. बांग व्हायची होती. मी तसाच परत फिरलो. रोज्यात बसलेल्या माणसाला खा कसं म्हणू? असं स्वतःला सांगितलं. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझ्या घराच्या आदबीनं एक पोरगं उपाशी बसलंय, हे बघून मला बरं वाटलं. नंतर त्याची धाप दिसत होती. तरी बरं वाटत होतं.’’

भर अडतीत पोटच्या पोराचं खरं सांगणारा माणूस तीन आठवडे हे पोटात ठेवून भट्टीपुढं उभा होता. माझ्या आयुष्यात मला त्यापेक्षा मोठा धक्का बसलेला नाही. पारखीच्या दिवशी मला राग तरी आला होता. या वेळी काहीच आलं नाही. मी आणि ते एकाच डब्याकडं दोन बाजूंनी बघत होतो आणि दोघंही गप्प होतो, आणि माझं गप्प बसणं पाजीपणाचं होतं हे मला कळत होतं, त्यांचं काय होतं हे मला कळेना. आजही नीट कळलेलं नाही. दत्ता तर खजूर हातात धरून इतका ओशाळला होता की जणू चोरी त्याची पकडली गेली.

अम्मीनं भज्यांची ताटली दत्तापुढं सरकवली. मग ती आम्हा दोघांना उद्देशून म्हणाली, ‘‘बापलेकानं मिळून एक पोरगं उपाशी ठेवलं. आणि गावात हात माझा खराब झाला.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा अडतीवर गेले. मी मागं गेलो. त्यांनी तिथं गोण्यांवर बसलेल्या सगळ्यांसमोर, आदल्या दिवशी जे घरात सांगितलं ते सांगितलं, बरं वाटलं हेसुद्धा. अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, ‘‘भाभीला सांगा, भुजंगानं हात जोडल्यात.’’ ज्यानं ते वाईट वाक्य टाकलं होतं तो उठून बाहेर गेला. मी सरांकडं जाऊन म्हणालो, माझं नाव काढा, दत्ताचं घाला. सर म्हणाले, नावं सकाळच्या टपालानं गेली. आणि गेली नसती तरी त्या पोराला मी आठ दिवसांत पळवणार नाही. दहा जण पाहिजेत, तू ये, म्हणाले. मी गेलो. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. मी बरा खेळलो, लोकांनी तसं म्हटलंही, आणि त्या कौतुकाची मला अजून शरम वाटते. अब्बा त्यानंतर पारखीला कधी बसले नाहीत. दत्तानं मला पुढं कधीही काही विचारलं नाही. त्यानं विचारावं म्हणून मी त्याच्या लग्नात जळकोटला दोन दिवस राहिलो होतो, तरी नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या दुपारचं. आम्ही अडतीवरून परत आलो तेव्हा अम्मीनं दत्ताला खोलीवरून बोलावून घेतलं होतं आणि चुलीपुढं पाटावर बसवलं होतं. आत जायची आमची दोघांची हिंमत झाली नाही. अब्बा परातीपुढं उभे राहिले, मी ट्रे पुसायला घेतले. पातळ भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. भाकरी थापल्याचा आवाज. तव्यावर पडल्याचा. मग दत्ता म्हणाला, ‘‘चाची, आता कशाला? माझं नाव तर गेलं. आता कसली मॅच?’’

‘‘मॅचसाठी कोण वाढतंय रे?’’ अम्मी म्हणाली. ‘‘खा.’’

‘‘तुमचा रोजा...’’

‘‘माझा रोजा माझ्याजवळ आहे. तो तू नको धरू. माझ्याकडं बघ आणि खा.’’

अब्बांचे हात कणकेत होते, ते हलत नव्हते. मग पलीकडं भाकरी मोडल्याचा आवाज झाला, आणि कुणी तरी रडत रडत चावत होतं. अम्मी मध्येच म्हणाली, ‘‘अजून घे.’’ थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, ‘‘अजून घे.’’ कणीक कडेनं वाळू लागली तरी आम्ही दोघं तिथंच उभे होतो.